राहिलेलं तिसरं वर्ष

मुलीसाठी फॉर्म आणायला मुक्त विद्यापीठाच्या अभ्यासकेंद्रात गेले होते. माझ्या पुढे दवाखान्याच्या गणवेशातच आलेली एक बाई होती. तिने वीस वर्षांपूर्वीच्या गुणपत्रिका खिडकीतून आत सरकवल्या.

"ही दोन वर्षं धरली जातील, ताई. फक्त तिसऱ्याची फी भरा," कारकून म्हणाला.

"म्हणजे वाया नाही गेली? आणि एवढीच फी? जमेल की मला!" ती इतक्या मोठ्यांदा हसली की सगळी रांग हसली.

माझंही बी.ए. लग्न ठरलं तेव्हा दुसऱ्या वर्षानंतर सुटलं होतं. ते बुडालंच, असं मी इतकी वर्षं धरून चालले होते. शिकलेलं कुठे जात नसावं. आपणच त्याची चौकशी करायचं सोडतो. माझा नंबर आला.

"किती फॉर्म?"

"दोन," मी म्हणाले. "एक मुलीचा, एक माझा."