खळीची टोपी
“आजारपनात असा फोटो काढू नये, वहिनी. मानूस लवकर जातं,” आत्या स्वयंपाकघरात आईला हळूच सांगत होती. इस्त्रीच्या दुकानापाशी खळीचा वास आला की मला तेच आठवतं. राहुरीच्या घरात पप्पांच्या आजाराचं नाव कुणी घेत नसे, सगळे नुसतं ‘अशक्तपणा’ म्हणायचे. पप्पांनी फोटोसाठी खळीची पांढरी टोपी मागितली, तेव्हा आईने ती कपाटात कुलूप लावून ठेवली. “आमच्या बापाचा भिंतीवरचा फोटो आधार कार्डाचा हाय. चोरावानी दिसतो. मला तसं टांगू नका,” पप्पा म्हणाले. मी आईपुढे नुसता हात पसरला. तिने माझ्याकडे न बघता किल्ली दिली. मी टोपी काढून पप्पांच्या डोक्यावर ठेवली, पण केस गेल्यामुळे ती सैल बसत होती. माझ्या केसांतली पिन काढून मी ती मागून आवळली. फोटो काढून झाल्यावर पप्पांनी मोबाईलवर एकेक पाहिला, एकावर बोट ठेवलं आणि माझ्याकडे बघत राहिले. आतला भांड्यांचा आवाज थांबला. ती पिन मी अजून वापरते. तेव्हा मी एवढंच म्हणाले, “हाच लावू, पप्पा.”