त्या बायकांची नावं

मला बसायला सांगितलं नाही. टेबलापलीकडे समितीचे पाचजण. अलीकडे एक खुर्ची होती, तिच्यावर विभागप्रमुखांची बॅग. एकोणीस वर्षं लखनौच्या या विद्यापीठात समाजशास्त्र शिकवते आहे, आणि कॉपी करताना पकडलेल्या पोरीसारखी उभी.

गुन्हा एवढाच की मी एक लेख लिहिला होता. सरोजिनी नगरातल्या सफाई कामगार बायकांना सुट्टीच्या दिवशी नेत्यांच्या सभेला गर्दी म्हणून नेतात. नाही गेल्या तर गैरहजेरी लागते. त्यांनी सांगितलं, मी लिहिलं. कुणीतरी तक्रार केली की या बाई देशाची बदनामी करतात.

विभागप्रमुखांनी छापील माफीनामा पुढे सरकवला. मोठ्याने वाचा म्हणाले. मग शेजारच्याला, मला ऐकू येईल असं, "कोटे से आ तो जाते हैं, तमीज़ कहाँ से लाएँगे."

दोघं हसले. बाकीच्यांनी खाली पाहिलं. त्यांत माझी एक मैत्रीण होती, रोज माझ्याबरोबर डबा खाणारी.

मी वाचला. सही केली. आवाजही कापला नाही माझा. त्याचीच लाज जास्त.

मी हिंगोलीकडची. आमच्या वस्तीतून कॉलेजात गेलेली पहिली मुलगी. असले टोमणे शाळेपासून ऐकलेले. वाटायचं, पीएचडी झाली की थांबतील.

विकास नगरला घरी आले. नवरा बँकेत आहे. तो म्हणाला, सुटलीस, आता गप्प राहा. लेकीला मराठी कळते, बोलते हिंदीत. तिनं विचारलं, "आई, जो लिखा था वो झूठ था क्या?"

मी नाही म्हणाले. ती उठून आत गेली.

आठ दिवसांनी दुसरं पत्र. ज्या बायकांशी बोललात त्यांची नावं आणि रेकॉर्डिंग सोमवारपर्यंत जमा करा.

म्हणजे माफीनं त्यांचं पोट भरलंच नव्हतं.

मी सरोजिनी नगरला गेले. त्या बायकांमधली सगळ्यात वयस्कर, तिला सगळे चाची म्हणतात. तिला पत्राचं सांगितलं, माफीचंही सांगितलं. ती ओरडली नाही. झाडू भिंतीला टेकवला आणि म्हणाली, "मैडम, हमने आपको बताया था। उनको नहीं।"

घरी आले आणि समितीला द्यायचा कागद लिहायला बसले.

सोमवारी समितीपुढे गेले. कुणी सांगायची वाट पाहिली नाही. विभागप्रमुखांची बॅग उचलून खाली ठेवली आणि बसले. म्हणाले, "नाम नहीं दूँगी। और वो माफ़ी मैं वापस ले रही हूँ।" दोन्ही गोष्टी लिहून आणल्या होत्या. कागद दिला, पोच मागितली.

माझे वर्ग काढून घेतलेत. चौकशी सुरू आहे. मैत्रिणीचा मेसेज आला होता, मी वाचायच्या आत तिनं पुसून टाकला. नवरा कमी बोलतो.

झोप लागत नाही, हे खरं आहे. नोकरी जाईल, तेही खरं असेल. पण आता या लेखाचं मी पुस्तक करणार आहे. अजून अकराजणींशी बोलायचं राहिलंय. रविवारपासून जाते आहे.