मधली जागा

पती-पत्नीच्या मध्ये कोणी येऊ नये, असं शास्त्र सांगतं. परवा काकांच्या षष्ट्यब्दपूर्तीची पत्रिका सापडली. हळदीचा वास अजून होता. तेव्हा कुंभकोणमच्या घरी काकूंना पत्रिकेवर दोघांचाच फोटो हवा होता, आणि प्रत्येक फोटोत मधोमध काकांची थोरली बहीण, आमची आत्या. “वन्संना अलगद काढ, त्यांना कळायला नको,” कॉफीचा पितळी पेला सरकवत काकू पुटपुटल्या. मी लॅपटॉपवर चौकट डावीकडून ओढून पाहिली, मग उजवीकडून. कुठूनही कापलं तरी आत्या उरायची. “क्रॉपमध्ये कडाच कापल्या जातात, काकू.” “एवढं महागाचं यंत्र, आणि मधलं कापत नाही?” शेवटी दोघांना वेगवेगळं कापून पत्रिकेच्या दोन टोकांना बसवलं. काकू हरखल्या. छापखान्यातून आलेल्या पत्रिकेत, मधल्या मोकळ्या जागेत, निमंत्रक म्हणून आत्याचं नाव होतं.