फ्यूजच्या जागी तार

माझ्या बहिणीचं काम कधीच फेल गेलं नव्हतं. तो अ‍ॅम्प मी जाळला होता.

हे आज पहिल्यांदा लिहितोय. ताईला जाऊन आज वर्ष झालं.

मूर्तिजापूरला स्टेशनजवळ तिचं रिपेअरिंगचं दुकान होतं. अमरावतीहून आयटीआय केलेली. टीव्ही, मिक्सर, अ‍ॅम्प्लिफायर, जे येईल ते उघडायची.

नवीन गिऱ्हाईक विचारायचं, "मिस्त्री कुठी हाये?"

ताई मान वर न करता म्हणायची, "तुमच्या समोर बसली हाये."

मी आमच्या भीमगीतांच्या ग्रुपमध्ये बेस गिटार वाजवतो. ग्रुपचा बेस अ‍ॅम्प जुना, ट्रान्झिस्टरवाला, उचलताना कंबर धरते असा. तो ताईनंच एकदा दुरुस्त करून दिला होता.

पुढे बाळापूरच्या कार्यक्रमात जनरेटरनं झटका दिला आणि फ्यूज उडाला. दुसरा जवळ नव्हता.

मी वायरमधली तांब्याची तार काढली आणि उडालेल्या फ्यूजवर गुंडाळली. अ‍ॅम्प चालू! स्वतःला मोठा इंजिनिअर समजलो.

नवा फ्यूज टाकायचा राहूनच गेला; जास्त वीज आली तर ती तोडणारं आता काहीच नव्हतं.

जयंतीच्या दिवशी सकाळी अ‍ॅम्प घोंघों करायला लागला. मग जळका वास. मग एकदम गप्प.

संध्याकाळी अकोल्यात कार्यक्रम. अख्खा ग्रुप ताईच्या दुकानात.

आमचे गायक दादा भडकलेले. "ताई, तुमीच रिपेअर केलता न हा? असं कसं काम करता तुमी?"

ताईनं अ‍ॅम्प फिरवला. मागचा फ्यूज काढला. तार दिसली. ती मुठीत घेतली आणि फक्त माझ्याकडे बघितलं.

मी खाली बघितलं.

मग तिनं भिंतीवरचा सिरीज बोर्ड काढला. त्यावर साधा पिवळा बल्ब. वीज आधी बल्बमधून जाणार, मग अ‍ॅम्पमध्ये. आत शॉर्ट असेल तर बल्ब पूर्ण पेटतो आणि अ‍ॅम्प आणखी जळत नाही.

बल्ब भक्कन पेटला.

तिनं एसीचं डीसी करणारा ब्रिज रेक्टिफायर सोडवला. बल्ब विझला, म्हणजे शॉर्ट त्यातच होता.

"ट्रान्सफॉर्मर वाचला. नशीब समजा."

नवा ब्रिज बसवला. बल्ब एकदा चमकून मंद झाला. मग मीटर लावला. प्लसला चाळीस व्होल्ट, मायनसला जेमतेम तीस. मायनसवाला कपॅसिटर फुगला होता. तोही बदलला. दोन्हीकडे चाळीस.

शेवटी बरोबर नंबरचा फ्यूज टाकला.

"वाजव."

मी बेसची सगळ्यात जाड तार छेडली. काउंटरवरचे स्क्रू नाचले. दादांच्या तोंडून पहिला चांगला शब्द निघाला, "वा!"

निघताना ताईनं ती तांब्याची तार माझ्या हातात ठेवली. "सांगजो त्यायले."

"सांगतो."

नाही सांगितलं. घाबरलो.

त्यानंतर ग्रुपचं सामान अकोल्याला रिपेअरला जायला लागलं. 'त्या बाईचं काम टिकत नाही' हे मी माझ्या कानांनी ऐकलं आणि चहा पीत राहिलो. लाज वाटते लिहिताना.

ताई कुणाच्या दारात सफाई द्यायला गेली नाही. रोज सकाळी शटर वर, सोल्डरिंग गन गरम. लोक येतच राहिले.

तिच्या आजारपणात एकदा मीच विषय काढला. "ताई, तू काहून नाई सांगितलं?"

"मी काहून सांगू? तार मी टाकली होती का?"

तिनंच पुढं विचारलं, "अ‍ॅम्प वाजून राहिला न अजून?"

"हो."

"मंग माह्या कामाले काय झालं?"

असा ताठ कणा. माझी सख्खी बहीण होती, हे मी छाती फुगवून सांगतो.

मग हळूच म्हणाली, "पण तू सांगशीन असं वाटलं होतं मले."

दादा, आणि ग्रुपमधले सगळे, तुम्हाला टॅग केलंय. तार मी टाकली होती. तिनं बसवलेला ब्रिज, तिनं बसवलेला कपॅसिटर आजही तेच आहेत. काल वाजवला.

ताई, सांगितलं गं.

जय भीम.