खंडेरावच्या गाडीचा फाळका

सहादूची पिकअप साडेपाच लाख किलोमीटर पळाली होती, आणि त्यातले शेवटचे लाखभर ती निव्वळ खंडेरावच्या रागावर पळाली होती.

मखमलाबादला दोघांची घरं एकाच रस्त्यावर. तीन वर्षांपूर्वी, द्राक्षाचा हंगाम तोंडावर आला असताना खंडेरावनं नवीकोरी पिकअप आणली. पॅकहाऊसच्या सुपरवायझरपुढे, चार ड्रायव्हरांच्या देखत, त्यानं सहादूच्या गाडीच्या बोनेटवर थाप मारली. "हिच्यात माल भरू नका साहेब. वाटंतच बसंल. ही आता भंगारातच शोभती." सहादूची गाडी भरल्या मालानिशी एकदाही बंद पडली नव्हती, पण सुपरवायझर नवा होता. बारा हंगामांचं काम एका थापेत गेलं.  सहादू बोलणाऱ्यातला नव्हताच, मनात धरून ठेवणाऱ्यातला होता.

मग त्यानं गाडी हातात घेतली. भाजीपाल्याची फुटकळ भाडी मारायची आणि उरल्या वेळात गाडीखाली आडवं व्हायचं. इंजिन उतरवून बोअर करून घेतलं, रिंगा बदलल्या, क्लच प्लेट टाकली, ओझं पेलावं म्हणून मागच्या स्प्रिंगच्या पाट्यात एकेक पान वाढवलं. ऑइल बदलायची तारीख तो पोरांच्या वाढदिवसापेक्षा नेमानं पाळायचा. नट आवळताना एक आटा खंडेरावच्या नावानं जास्त.

"अहो, गाडी दुरुस्त करताय का कुणाचा गळा दाबताय?" त्याची बायको सगुणाबाई विचारायची.

"दोन्ही," सहादू म्हणायचा.

खंडेराव मात्र नव्या गाडीच्या मस्तीत. ब्रेक घासल्याचा आवाज अख्ख्या आळीला ऐकू यायचा, त्याला सोडून. गेल्या फेब्रुवारीत त्र्यंबक रोडच्या उतारावर ब्रेक लागलेच नाहीत आणि गाडी नाल्यात उलटली. चासी वाकली, खंडेरावचा उजवा हात मोडला, शेजारी बसलेल्या त्याच्या पोरीला, वैष्णवीला, कपाळावर सात टाके पडले. पोरीचं सहादूला वाईट वाटलं. पण खोटं कशाला सांगायचं, हातातला चहा त्यानं चवीनं संपवला.

गाडी अंबडकडच्या एका भंगारवाल्याकडे गेली. या ड्रायव्हर मंडळींत एक रीत आहे. गाडी भंगारात घालण्याआधी तिच्यावरचं देवाचं आणि लेकराचं नाव मालकानं आपल्या हातानं पुसायचं. खंडेरावचा हात प्लास्टरमध्ये आणि लाज तोंडावर, त्यामुळे तो तिकडे फिरकलाच नाही. सहादू फिरकला. त्यानं पॉवर स्टिअरिंग उचललं, आणि हौद्यामागचं माल अडवणारं दार, तो फाळकाही. फाळक्यावर लाल अक्षरांत 'वैष्णवी' लिहिलेलं होतं.

"खरडून देऊ का?" भंगारवाल्यानं विचारलं.

"राहू द्या," सहादू म्हणाला.

दोन दिवस खपून, थोडं वेल्डिंग मारून त्यानं दोन्ही बसवलं आणि आपला जुना फाळका भंगारात देऊन टाकला. स्टिअरिंग आता एका बोटावर फिरायचं. फाळका तो रोज खंडेरावच्या घरावरून न्यायचा, ओट्यासमोर मुद्दाम गिअर टाकून, सावकाश. खंडेराव मान खाली घालायचा. सहादूला एवढंच हवं होतं, की त्यानं दारात यावं आणि आपल्या तोंडानं म्हणावं, तेवढं नाव पुस. मग सहादू त्याला आधी सुपरवायझरकडे पाठवणार होता, चार ड्रायव्हरांच्या देखत खोटं कबूल करायला. वाक्यंसुद्धा ठरली होती.

महिन्यानं पाटावरच्या पुलाजवळ गाडीला हात केला तो वैष्णवीनं. कॉलेजची बॅग, कपाळावर ताजा वण.

"नाव पुसून पाहिजे ना? तुझ्या बापाला पाठव," सहादू म्हणाला.

"येणार हायेत. टर्पेंटाइन आणून ठेवलंय त्यांनी. पण काका, तुम्ही पुसू देऊ नका."

सहादूनं गाडी बंद केली.

"त्या दिवशी सकाळी मीच सांगितलं होतं, ब्रेक वाजतायत. तर म्हणाले, गप बस, ही काय सहादूची गाडी हाय का? आता तुम्ही रोज दोनदा न्या घरावरून. त्यांना मान वर करता येऊ नये. मला ते बघायचंय."

ती शांतपणे बोलली, थोडी हसलीसुद्धा. तीन वर्षं सहादू स्वतःशी असाच बोलत आला होता. पण तेच बोलणं एका पोरीच्या तोंडून, जन्मदात्या बापाविषयी ऐकून त्याच्या अंगावर काटा आला.

घरी येऊन त्यानं पाना घेतला, फाळका सोडवला आणि उचलून खंडेरावच्या ओट्यावर नेऊन ठेवला. खंडेराव धडपडत उठला.

"मीच येणार होतो रे. पोरगी आली होती का तुझ्याकडं?"

"आली होती."

"काय म्हणली? घरात तर माझ्याशी एक शब्द बोलत नाय."

सहादूच्या जिभेवर सगळं आलं होतं. एक वाक्य, आणि हा माणूस पुन्हा उभा राहिला नसता. राग तसूभरही कमी झाला नव्हता.

"म्हणली, बाबांना लय त्रास होतोय, तेवढं काढून द्या. रडत होती."

खंडेरावनं डाव्या हातानं फाळका छातीशी धरला आणि तो हमसून रडायला लागला. तीन वर्षं सहादूला हेच बघायचं होतं. त्याला बघवलं नाही. तो घरी आला आणि सकाळच्या टोमॅटोसाठी उघड्या हौद्याला दोर बांधत बसला.