बिनक्लचची गाडी आणि काकूंची हीर

बोरीच्या काकू नसत्या तर आज माझ्या हातात पाना नसता. हे आधी लिहितो, मग गाडीचं सांगतो.

मी कोकणातला. शाळा सातवीतच सुटली. चौऱ्याहत्तर-पंचाहत्तरच्या सुमारास, विशी ओलांडल्यावर, फिरत फिरत परभणी जिल्ह्यात बोरीला एका उस्तादांच्या गॅरेजात पोचलो. हुनर हाती लागल्याशिवाय परत येणार नाही, असं घरी सांगून निघालो होतो. माझे घरमालक काका-काकू, त्यांची थोडी शेती होती आणि त्यांच्या गोठ्याशेजारच्या खोलीत मी राहायचो. ज्वारीची भाकरी सुरुवातीला मला उतरत नसे, म्हणून काकू माझ्या एकट्यासाठी भात टाकायच्या. "भातखाऊ लेकरू हाय," असं शेजारणीला सांगायच्या.

गावातल्या कापसाच्या जिनिंगवाल्या शेठनी हैदराबादेहून एक जुनी अमेरिकन गाडी आणली होती. तिला क्लच नव्हता, गिअर आपोआप बदलायचे. पण म्हातारपणी तिला एक खोड लागली. गिअरची दांडी टाकली की इंजिन नुसतं गुरगुरायचं. माणसाची विडी पेटवून व्हायची, तेव्हा कुठे गाडीला हिसका बसून ती निघायची. अशी गाडी मी मुंबईत पाहिली आहे, एवढंच मी बोललो. उस्तादांनी लगेच ती माझ्या गळ्यात घातली.

दोन दिवस सकाळी सकाळी, गाडी थंड असताना, मी गिअरबॉक्सचं तेल मोजायची पट्टी काढून बघितली. ट्रक-ट्रॅक्टरचं इंजिन ऑइल आम्ही असंच बघायचो, इंजिन बंद ठेवून. तेल खुणेच्या वर होतं. मग आतलंच काहीतरी झिजलंय, असं मी शेठना सांगितलं. तसले पार्ट कुठे मिळणार? शेठ म्हणाले, "मंग उद्या इंजन उतरवा. माझ्या हिरीवर बसवतो, पाणी तर ओढंल."

उस्ताद मला बाजूला घेऊन म्हणाले, "गाडी मोडीत गेली तर तू बी एस्टीत बसायचं. बोलबच्चन कारागीर मला नको."

दुसऱ्या दिवशी सकाळी उठलो तर अंगणात काका-काकूंची जुंपलेली.

"हीर भरल्याली हाय. मी आत्ताच बघून आलो," काका म्हणत होते. "ऊस लावू."

"सकाळच्याला समद्यांच्याच हिरी भरल्याल्या दिसत्यात," काकू म्हणाल्या. "रातभर झिरपून वर येतंय पाणी. इंजन लावा, घटकाभर चालू द्या, मंग वाकून बघा. खडक दिसंल. बंद हिरीत बघून कशाला ऊस लावायलाव तुमी?"

मी तोंड धुवत होतो. तांब्या तसाच टाकून पळालो. काकू मागून ओरडल्या, "आरं, च्या तर पी."

जिनिंगच्या शेडात गाडी उभी होती आणि शेठची माणसं इंजिन उतरवायला वर आढ्याला साखळी बांधत होती. मी म्हणालो, "एकदा चालू करून बघू द्या." चाकांना दगड लावले, ब्रेक दाबून धरला, इंजिन तापू दिलं, दांडी सगळ्या गिअरांतून फिरवली आणि इंजिन चालू ठेवूनच पट्टी ओढली. फक्त टोक ओलं होतं. गाडी उभी राहिली की वरचं तेल गिअरबॉक्सच्या तळाच्या टाकीत उतरायचं आणि पट्टी भरलेली दिसायची. इंजिन सुरू झालं की आतला पंप ते वर ओढायचा, टाकी कोरडी पडायची आणि पंप हवा गिळत बसायचा. मग गिअर धरणार कुठून? मी गाडीखाली घुसलो. जमिनीवर सरकीचा भुसा पसरलेला होता. तो हाताने सारला तर खालची माती तेलाने काळी झालेली. गळती भुशाने पिऊन टाकली होती, म्हणून कुणाला दिसली नाही.

गाडीबरोबर आलेला गिअरबॉक्सच्या लाल तेलाचा डबा शेडातच पडून होता. मी थोडं थोडं तेल ओतत, पट्टी बघत गेलो. उस्ताद चहाचा ग्लास घेऊन आले आणि तो मुद्दाम डिकीवर ठेवून म्हणाले, "ठिवतो हितंच. सांडायची काय भीती न्हाई."

मी दगड काढले, आत बसलो आणि दांडी टाकली. दांडी पडते न पडते तोच गाडी निघाली. मागे ग्लास खळ्ळकन फुटला. शेठ हसून लोटपोट झाले आणि त्यांनी साखळी सोडायला सांगितली. उस्ताद ओली बाही झटकत म्हणाले, "गळका सील आजच काढ. अन् ग्लास तुझ्या पगारातून." पगारातून म्हणाले, म्हणजे पगार चालू राहणार होता. मी उतरून काचा गोळा केल्या आणि पुन्हा गाडीखाली घुसलो.

संध्याकाळी काकूंना सगळं सांगितलं. त्यांना गाडीचं काही कळलं नाही, त्या फक्त काकांकडे बघून म्हणाल्या, "ऐकलं का? गाडीला बी कळलं." मग मला ताटात भात वाढताना विचारलं, "लेकरा, तुमच्या समुद्राचं बी पाणी सकाळी भरल्यालंच दिसतं का?"

मी म्हणालो, "तसं नाही काकू. ते दिवसातून दोनदा चढतं आणि दोनदा उतरतं."

"हाँ, थापा नको मारू."

याला आता पंधरा-वीस वर्षं झाली, काकूंनी अजून समुद्र बघितलेला नाही. आता त्यांचे गुडघे दुखतात, एस्टीचा प्रवास झेपायचा नाही. पण काकू, एक दिवस मी स्वतःची गाडी घेऊन बोरीला येईन, तुम्हाला पुढच्या सीटवर बसवीन आणि आमच्या किनाऱ्यावर नेईन. भरती आणि ओहोटी दोन्ही दाखवल्याशिवाय परत आणणार नाही.