तोंड वर, पाय खाली

बाबांनी माझी पत्र्याची ट्रंक होडीत ठेवली आणि होडी खाडीत लोटली. पलीकडे मुंबईची एस.टी. उभी होती. बाबा खाडीवरची तर, म्हणजे माणसांना पलीकडे नेणारी होडी, चालवतात. गावातल्या कितीतरी जणांना त्यांनी असंच त्या गाडीपर्यंत पोचवलं होतं, त्या दिवशी माझी पाळी होती. कॉलेजात जाणारा मी घरातला पहिलाच, त्यामुळे काय सांगावं हे त्यांनाही सुचत नसावं. उतरताना एवढंच म्हणाले, "थंय पाण्यात उतारलंस तर समोरच्या काठार नजर ठेव, झिला."

पोहायला त्यांनी मला तसंच शिकवलं होतं. तोंड वर, पाय खाली सोडलेले. खाडीला ओढ असते, आपण कुठे चाललो ते बघत राहावं लागतं. आणि पाय खाली असले की कालवांच्या शिंपल्यांनी धारदार झालेले खडक आधी तळव्यांना कळतात.

अंधेरीला मामाकडे राहिलो. कॉलेजात पहिले महिने मी जवळजवळ मुकाच होतो. इंग्रजीत नाव विचारलं तरी उभा राहून घाम पुसायचो. पोहणं ही एकच गोष्ट मला कुणाला न विचारता येत होती, निदान मला तसं वाटायचं. म्हणून कॉलेजच्या टीमची नोटीस लागली तेव्हा धीर करून नाव दिलं. निवडीसाठी पोहण्याच्या तलावाच्या आठ फेऱ्या मारायच्या होत्या, न थांबता.

दुसऱ्या फेरीतच दम संपला. कठडा धरून खोकत होतो. वरून टीमचे कोच पाटकर सर म्हणाले, "सायकल मारतोयस की पोहतोयस? अरे, डोकं वर काढलं की पाय बुडणारच. स्वतःचेच पाय ओढत चाललायस तू, यार!" मुलं हसली. सर हसले नाहीत. "दिवाळीनंतर परत ये. तोवर फळी धरायची आणि फक्त पाय मारायचे."

त्या दिवशी घरी पत्र लिहायला घेतलं आणि फाडून टाकलं. हेही येत नसेल तर मी इथे कशाला आलो होतो?

रोज सकाळी फळी धरून पाय मारू लागलो. पहिला आठवडा फळी जागची हलेना. गुडघ्यातून नको, मांडीपासून, घोटा सैल, पाणी झोडपायचं नाही, श्वास पाण्यातच सोडायचा. पोटरीत गोळे यायचे. दुपारी खोलीत त्याच ट्रंकेवर पालथा पडून पाय हलवायचो. मामी मामाला म्हणायची, "अहो, तुमचा भाचा ट्रंकेवर पोहतोय. बुडाला तर मी नाही हं काढणार!"

एक फेरी, मग दोन, मग मध्येच कधीतरी चार. दिवाळीनंतर आठ झाल्या. सर म्हणाले, "झकास. आता पोहतोयस." मी हसलो, पण 'आता' हा शब्द दिवसभर टोचत राहिला. मग इतकी वर्षं मी काय करत होतो?

मे महिन्यात गावी गेलो. बाबा होडीत बसून म्हणाले, "दाखव बघया, मुंबैचा पवणा कसा ता." मी तोंड पाण्यात घातलं आणि निघालो. इतक्या वेगाने मी ती खाडी कधीच कापली नव्हती. पाय दमत नव्हते. बाबा बघत असतील, एवढंच डोक्यात होतं. डोकं वर काढलं तर समोरचा काठ ओळखीचा वाटेना. ओहोटीने मला धक्क्यापासून चांगलंच खाली नेलं होतं.

बाबा मागून होडी घेऊन आलेच होते. रागावले नाहीत. हात देत म्हणाले, "पायात जोर मस्त इलो रे. पण जातंस खंय, ता बघणस नाय."

डोकं वर काढलं की पाय बुडतात, हे त्यांना सांगावंसं वाटलं. पण मी त्यांचा हात धरून होडीत चढलो.

आता परत अंधेरीत आहे, टीममध्येही आहे. पण चार-पाच हात मारले की माझं डोकं आपोआप वर येतं. सर ओरडतात, "अरे, समोर भिंत आहे! ती कुठे पळून जाणार नाही!" मला ते कळतं. घर नक्की कुठल्या काठावर, हे मात्र मला अजून नीट सांगता येत नाही, म्हणून मी बघतो. तेवढ्यात पाय बुडू लागतात, आणि मला ते मांडीपासून जोरात मारून पुन्हा वर आणावे लागतात. तेवढा दम आता त्यांच्यात आहे.